लिव्हिंग होम आणि आमची गंगथडी

गिटार ह्या वाद्याशी माझं कधी जमलं नाही. आमच्या पिढीच्या कानांना पेटी, तबला, फार तर सतार. रॉक म्हटलं की केस वाढवलेली मुलं आणि कानठळ्या, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. त्यामुळे मी एका रॉक बँडवरच्या चित्रपटाबद्दल लिहायला बसले आहे हे वाचून आमच्या घरातले काही जण (विशेषतः धाकट्या वन्सं) हसतील. हसू देत.

ह्याचं श्रेय पुण्याच्या भाच्याला. तो कॉम्प्युटरमध्ये आहे आणि आत्याला सुधारण्याचं व्रत त्याने घेतलेलं आहे. गेल्या खेपेला आला तेव्हा पेनड्राईव्ह टीव्हीला लावून दिला आणि म्हणाला, "आत्या, कंटाळा आला तर बंद कर, पण 'मा रेवा'पर्यंत बघ." चित्रपटाचं नाव 'लिव्हिंग होम'. म्हणजे घर सोडताना. जयदीप वर्मा ह्यांनी तो केला आणि एप्रिल २०१० मध्ये चक्क थिएटरात लागला. माहितीपट थिएटरात लागायची आपल्याकडे रीत नाही. आपल्या लेखी माहितीपट म्हणजे पूर्वी सिनेमाच्या आधी दाखवायचे ते, धान्याच्या कोठाराचे आणि कालव्याचे. ह्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

विषय एका बँडचा. 'इंडियन ओशन' हे त्याचं नाव, दिल्लीची मंडळी. सुष्मित सेन गिटार वाजवायचे, असीम चक्रवर्ती तबला वाजवायचे आणि गायचे, राहुल राम बास गिटार आणि गाणं, अमित किलम ड्रम्स आणि हाताला लागेल ते वाद्य. सुष्मित आणि असीम १९८४ पासूनचे मित्र. १९९० साली बँड सुरू झाला, राहुल राम पुढच्या वर्षी आले, अमित १९९४ साली. चित्रपटात एक गाणं, मग त्या गाण्यामागची गोष्ट, त्या माणसाची गोष्ट, मग पुन्हा गाणं, असं चालतं. दिल्लीच्या करोलबागेत खजूर रोडवर एक जुनं घर आहे, तिथे ही माणसं वर्षानुवर्षं रियाज करायची. घर इतकं जुनं आणि इतकं आपल्यासारखं, की मला पहिल्या दहा मिनिटांतच त्यांची भीती वाटेनाशी झाली.

आणि वाद्यं बघून तर मी सावरूनच बसले. अमितच्या हातात एक गबगुबी नावाचं वाद्य आहे. बंगालकडचं. काखेत डबा, त्यातून तार काढलेली, ती ताणून छेडायची. अहो, हे तर आपलं चौंडकं! तुळजापूरच्या यात्रेत आराध्यांच्या, जोगत्यांच्या काखेत जे असतं त्याचंच भावंडं. लहानपणी नवरात्रात दारात ते वाजलं की माय सुपात जोंधळे घेऊन बाहेर यायची. त्या आवाजाला रॉक म्हणत असतील तर मी जन्मापासून रॉक ऐकत आले आहे :-)

असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गातात. हे किती कठीण आहे ते ज्याने एकदा तरी ठेका धरून भजन म्हणायचा प्रयत्न केला आहे त्याला विचारा. शाळेच्या गॅदरिंगला आमच्या एका सरांची त्यात होणारी फजिती अजून आठवते. ते डोळे मिटून गाऊ लागले की हात थांबायचे, हात चालू लागले की शब्द विसरायचे. असीम ह्यांचं दोन्ही एकाच श्वासात चालतं, आणि आवाज कसा, तर पहाटे काकड आरतीला देवळात घुमतो तसा. सुष्मित सेन ह्यांची गिटार मला बऱ्याच ठिकाणी सरोदच वाटली. म्हणजे परदेशी वाद्य हातात घेऊन ह्या माणसाने परदेशी व्हायचं नाकारलं.

ह्या बँडची कारकीर्द आपल्या हिशेबाने उलटीच आहे. पहिली कॅसेट १९९३ ची. दुसरी १९९७ ची, 'डेझर्ट रेन', ती तर स्टुडिओत झालीच नाही. सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ दिल्लीत १ जानेवारीला कार्यक्रम होतो, त्यातलं प्रत्यक्ष वाजवलेलं तसंच्या तसं ध्वनिमुद्रित झालं आणि तीच कॅसेट. मग २००० साली 'कंदिसा', तिने नाव केलं. कंदिसा म्हणजे पवित्र. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, सिरियाक भाषेतली. बंगाली, कन्नड आणि काश्मिरी माणसांनी ती दिल्लीत बसून गायची आणि आपण मराठवाड्यात ऐकायची. शब्द एकही कळत नाही आणि अर्थ अडत नाही. पुढे 'ब्लॅक फ्रायडे' ह्या चित्रपटाचं संगीत त्यांनी केलं. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा तो चित्रपट कोर्टकचेरीत अडकला आणि २००७ साली प्रदर्शित झाला. त्यातलं 'बंदे' हे गाणं भाच्याच्या पिढीला पाठ आहे म्हणे.

चित्रपटात एक गोष्ट मला फार आवडली. कोणी कोणाला 'उस्ताद' म्हणत नाही, हारतुरे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. आपल्याकडे कलावंतावर काही केलं की निम्मा वेळ सत्कारात जातो. इथे चार माणसं आपापल्या घरची गोष्ट साधेपणाने सांगतात. थोडी लांबड आहे, माझ्या मते पंधरा-वीस मिनिटं कमी करता आली असती. पण ते मास्तरकीचं बोलणं झालं.

तर 'मा रेवा'.

रेवा म्हणजे नर्मदा. आपल्याकडे नर्मदा म्हटलं की परिक्रमा. जगन्नाथ कुंटे ह्यांचं 'नर्मदे हर हर' वाचून आमच्या कॉलनीतली दोन जोडपी बसने परिक्रमा करून आली. हे गाणं मात्र बँडने कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर, पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांचा अभ्यास केलेले. परत आल्यावर नोकरी धरायची सोडून हे गृहस्थ नर्मदा बचाव आंदोलनात गेले आणि काही वर्षं त्या खोऱ्यातच राहिले. तिथे लोक नदीचं हे गाणं गायचे. ते त्यांनी तिथे उचललं आणि दिल्लीला आणलं. आज ते गाणं लग्नाच्या वरातीतही वाजतं असं भाचा सांगतो. कोणत्या गावातून, कोणाच्या तोंडून ते आलं, त्यातली किती गावं आता जागेवर आहेत, हे वरातीत नाचणाऱ्यांना कोण सांगणार?

नर्मदा आपल्या महाराष्ट्राला अगदी वरच्या टोकाला शिवते, नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या कडेने. सरदार सरोवरात आपल्या राज्याची ३३ गावं गेली. मणिबेली त्यातलं पहिल्या काही गावांपैकी. शिक्षिका म्हणून मला तिथली एक गोष्ट नेहमी आठवते. ज्या गावांमध्ये सरकारी शाळा कागदावर होत्या आणि मास्तर तालुक्याच्या गावी, तिथे आंदोलनातल्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'जीवनशाळा' काढल्या. मुलं आपल्या बोलीतून अक्षरं शिकू लागली. गाव बुडणार हे ठाऊक असताना शाळा काढायची! आम्ही सातवा वेतन आयोग लागला की नाही ह्याची चौकशी करणारी माणसं. असो.

गाणं सुरू झालं आणि मी रिमोट शोधून ते मध्येच थांबवलं. आवडलं नाही म्हणून नव्हे.

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. माझं माहेर पाण्यात आहे. पैठणच्या वर, गोदावरीच्या काठी, गंगथडीत. आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेवर जाऊन येते, गंगेला पूर आला, गंगा उतरली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच नावाचं नवं गाव आता उंचावर आहे आणि तिथल्या मुलांना तेच खरं गाव वाटतं. वाटायलाच हवं.

जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली. मी तेव्हा शाळेत होते. गंमत म्हणजे जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिथे व्हायचं होतं, मग जागा वर पैठणला सरकली आणि नाव मात्र तेच राहिलं. म्हणजे ज्या गावाचं नाव धरणाला मिळालं ते वाचलं आणि ज्यांचं नाव कुठेच नाही अशी शंभराहून जास्त गावं गेली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. दहा किलोमीटर लांबीचा बांध, १०२ टीएमसी पाणी, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा फुगवटा. नाथसागर. हे आकडे मी वर्गात मुलांकडून पाठ करून घेत असे.

माझं लग्न ७२ च्या दुष्काळात झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या मुली मागे वळून बघतात, तशी मीही बघितली असेन. दिवाळीला, पंचमीला दोन वेळा गेले. नंतर गेले तेव्हा नव्या गावठाणात, पत्र्याच्या दोन खोल्यांत. अण्णांना जमिनीचे पैसे मिळाले, किती आणि कधी ते आमच्या घरात कोणी बोलत नसे. मायने बैलगाडीत घालून जातं तेवढं आणलं होतं. दगडी जातं, खालच्या तळीला एक टवका गेलेला. पण नव्या गावठाणात गिरणी आधी आली आणि देऊळ नंतर. जातं नळाखाली पडलं, त्यावर घागर ठेवायची.

जातं थांबलं तसं मायचं गाणंही थांबलं. जुन्या घरी ती पहाटे चारला उठून दळायची आणि तिच्या ओव्यांमध्ये गंगा हटकून यायची. कधी सासू म्हणून, कधी मैत्रीण म्हणून, कधी पुरात वासरू नेणारी कैदाशीण म्हणून. मी अर्धवट झोपेत ऐकायची. ते पाठ करावं असं तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? शाळेत आम्ही इंग्रजी कवितांची मराठी रूपांतरं पाठ करत होतो. नव्या घरी मी एकदा तिला म्हटलं, "माय, ती गंगेची म्हण की." ती म्हणाली, "कुठं हाय आता गंगा? ते तर समुद्र झालंय." आणि भाकरी थापत राहिली.

'मा रेवा' ऐकताना मला हे सगळं आठवलं आणि जरा रागही आला. राहुल राम खोऱ्यात गेले, त्यांनी ऐकलं, लक्षात ठेवलं. आमच्या गंगथडीत कोणी आलंच नाही. १९७०-७५ चा काळ, धरण म्हणजे पुण्यकर्म. आंदोलन नाही, गाणं नाही, चित्रपट नाही. शंभर गावांतल्या बायका जाती गाडीत घालून उंचावर गेल्या, एवढंच.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर धाकटा दीर फोन करेल. त्यांचं गाव परभणी जिल्ह्यात, डाव्या कालव्यावर. तिथे जायकवाडीचं पाणी पोचलं म्हणून ऊस आला, पोरं शिकली, घरं पक्की झाली. आणि मी स्वतः? पन्नास वर्षं ह्या शहरात काढली. छत्रपती संभाजीनगर, आमच्या तोंडी अजून पटकन औरंगाबादच येतं. ह्या शहराचा घोट नाथसागराचा. कित्येक वर्षं आठ-आठ दिवसांनी नळ यायचा आणि त्याची मी चातकासारखी वाट बघायची. ते पाणी माझ्या माहेरावरूनच आलेलं. रात्री दोन वाजता नळ आला की पिंप भरताना कधी कधी हा विचार मनात यायचा, पण पिंप भरायचं थांबवता येत नाही. त्यामुळे धरण वाईट असं मला म्हणता येत नाही. चांगलं म्हणताना मायचा चेहरा समोर येतो.

भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. जुनं गाव त्याने बघितलेलं नाही, त्याच्या बापाने लहानपणी सोडलेलं. मग म्हणाला, "आत्या, वेल्समध्ये असाच एक बँड आहे." आणि त्याने 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' ह्या मंडळींची कर्मकहाणी सांगितली. ब्लॅकवूड नावाच्या कोळसा खाणींच्या गावातली चार मुलं. त्यातला रिची एडवर्ड्स, गाणी लिहिणारा, १ फेब्रुवारी १९९५ ला लंडनच्या हॉटेलातून निघाला तो नाहीसाच झाला. गाडी सेव्हर्न नदीवरच्या पुलाजवळ सापडली. २००८ साली कायद्याने त्याला मृत धरलं. उरलेल्या तिघांनी पुढेही वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याचे पैसे वेगळे ठेवले. ह्यांचाही मैफिलीचा चित्रपट आहे, ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री कार्डिफच्या स्टेडियमवरचा, आणि त्याचंही नाव 'लिव्हिंग'नेच सुरू होतं, 'लिव्हिंग द ट्वेंटिएथ सेंच्युरी'. तो मी थोडासाच बघितला. खरं सांगते, तिथे माझे कान हरले. पण बँडमधला चौथा माणूस रंगमंचावर नाही आणि तरी आहे, हे मला इकडेही दिसलं होतं, ते पुढे सांगते.

भाच्याला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ह्या बँडच्या १९९८ च्या अल्बममध्ये एक गाणं आहे, 'रेडी फॉर ड्राउनिंग', बुडायला तयार. त्यामागे कापेल केलिन नावाचं वेल्समधलं गाव आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिन नदीचं खोरं बुडवलं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध असताना. गावात प्रार्थनाघर होतं, पोस्ट होतं, शाळा होती. धरणाचं उद्घाटन २१ ऑक्टोबर १९६५ ला झालं. मी तारीख दोनदा विचारून घेतली. आमच्या पैठणला शास्त्रीजींनी पायाभरणी केली त्यानंतर बरोबर तीन दिवसांनी. लिव्हरपूलने २००५ साली माफी मागितली, आणि 'ट्रिवेरिन विसरू नका' असं तिकडे एका पडक्या भिंतीवर रंगवलेलं आहे, ते पुसलं गेलं तर लोक पुन्हा रंगवतात. एवढंसं गाव ते, शंभर माणसंही नसतील. त्याला भिंत आहे, गाणं आहे, माफी आहे.

इंडियन ओशनकडे परत येते. चित्रपट तयार झाला आणि लागायच्या आधी, २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेले. हृदयविकार. म्हणजे लोकांनी थिएटरात त्यांना पडद्यावर गाताना बघितलं तेव्हा ते नव्हते. मला हे भाच्याने आधी सांगितलं नाही, आणि बरं केलं. नाहीतर मी त्यांच्या प्रत्येक हसण्याकडे तशाच नजरेने बघितलं असतं. पुढे बँडने '१६/३३० खजूर रोड' नावाचा अल्बम काढला, त्या जुन्या घराचा पत्ताच नाव म्हणून, आणि २०१० पासून दर महिन्याला एक गाणं लोकांना फुकट दिलं. त्यात असीम ह्यांचा आवाज आहे. गायक हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आले. २०१३ साली सुष्मित सेन बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव. 'मसान'चं संगीत त्यांचंच, २०१५ सालचं. २०२३ मध्ये 'तू है' हा नवा अल्बम आला. मी ऐकला, चांगला आहे. पण मला खजूर रोडवरच्या चौघांचीच सवय झाली आहे. म्हातारपणी नवीन माणसांची सवय व्हायला वेळ लागतो.

चित्रपट मी दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत बघितला. 'मा रेवा' मग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना राग उतरला होता आणि मनात वेगळाच हिशेब सुरू होता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन ह्यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. अलीकडे 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. आपल्या मराठवाड्यातल्या, माजलगावच्या बायकांच्याही आहेत. मी दोन रात्री जागून ऐकल्या. काही चाली अगदी मायच्या आहेत. शब्द नाहीत. गंगेची ती पुराची ओवी मला कुठे सापडली नाही.

२०१६ च्या दुष्काळात नाथसागर तळाला गेला होता तेव्हा धाकटा भाऊ जुन्या गावच्या जागी जाऊन आला. जोती दिसतात म्हणाला, मारुतीच्या देवळाचा ओटा दिसतो, आणि आपल्या चिंचेचा बुंधा अजून आहे. फोटो पाठवले होते. मी चालायला होत नाही असं सांगून जायचं टाळलं. पुन्हा तसा उन्हाळा आला तर जाईन की नाही ते आज सांगता येत नाही.

वही मात्र केली आहे. शंभर पानी, फुलस्केप. आतापर्यंत सतरा ओव्या जमल्या. नऊ माझ्या आठवणीतल्या, त्यातल्या चार अर्ध्या. सहा वहिनीने सांगितल्या, तिला मायने सुरुवातीच्या वर्षांत दळताना शिकवल्या होत्या. दोन शेवगावच्या चुलत बहिणीकडून. भाचा म्हणतो मोबाईलवर आवाजच घे, चालीसकट, वहीत चाल येत नाही. बरोबर आहे त्याचं. पुढच्या रविवारी वहिनीकडे जाणार आहे, जातं अजून नळाखालीच आहे, ते धुऊन ठेवायला सांगितलं आहे. नुसतं बसून म्हणण्यापेक्षा हाताने खुंटा धरला की पुढची ओळ आठवते असं ती म्हणाली.

आणि मोठ्या मावशीकडच्यांनो, हे वाचत असाल तर तुमच्यासाठीच. मावशी आणि माय एकाच जात्यावर दळायच्या. गंगेने वासरू नेलं ती ओवी मावशीला नक्की येत असणार. तिला आता ऐकू कमी येतं, फोनवर जमणार नाही. तिच्याजवळ बसून, कानाशी मोठ्याने पहिला शब्द म्हणा, बाकी ती म्हणेल. संध्याकाळी नको, सकाळी चहा झाल्यावर. आणि मोबाईल चालू करायला विसरू नका.